विंचवाचं बिऱ्हाड

"मामा, या खेपेला आपण घरासकट भंडारदऱ्याला जायचं," असं भाच्याने पुण्याहून फोनवर सांगितलं तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या पिढीत 'घरातून' म्हणजे 'बायको' हा अर्थ पक्का आहे. तेव्हा मी आपलं "हो, हो, तिलाही घेऊ की" असं सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तो प्रत्यक्ष दारात आला आणि गल्लीत अंधार झाला. बघतो तर दारासमोर एक पांढरं घर उभं. खिडक्यांना पडदे, दाराला पायरी, आणि खाली चाकं!

भाचा उतरला आणि एखाद्या बिल्डरने सदनिका दाखवावी तसं दाखवू लागला. हा पलंग, तो मिटला की बाक. हा बाक, तो उघडला की पलंग. ही मोरी, हे नहाणीघर, आणि हे फळकुट उचललं की शेगडी. मला तर मोठं कौतुक वाटलं. आमची ही मात्र शेगडीपाशीच थबकली.

"म्हणजे ओटा बरोबर येतोय?"

"हो मामी! कुठेही थांबा, गरम गरम पोळ्या!"

"लाटणार कोण?"

या प्रश्नावर भाचा खाली वाकून टायर तपासू लागला. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही एसटीने जायचो तेव्हा वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा एवढं बिऱ्हाड असायचं, पण ओटा नगरला राहायचा. सहल म्हणजे ओट्यापासून लांब जाणं, अशी तिची सरळ व्याख्या. इथे ओटा पाठोपाठ निघाला होता. ती गाडीत चढली, पण वाटाघाटी करून. चहा भाच्याने करायचा आणि भांडी मी घासायची, असा तह झाला. इतिहासात पराभूत पक्षाचं म्हणणं कुणी विचारत नाही, आमचंही विचारलं नाही.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. हा रोग निवृत्तीनंतर बळावतो, कारण समोर पळून जाणारी मुलं नसतात. गाडी सावेडी ओलांडते न ओलांडते तोच मी सुरू झालो. महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते २०२१ साली, पण मौजेसाठी चाकांवरचं घर पहिल्यांदा बांधून घेतलं ते गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरने, १८८५ साली. हा गृहस्थ आरमारातून निवृत्त झालेला, मुलांसाठी साहसकथा लिहिणारा. जिप्सी लोकांच्या गाड्या पाहून त्याला वाटलं, आपणही असंच हिंडावं. मग त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यात एक टोलेजंग गाडी करून घेतली, तिचं नाव ठेवलं 'वॉन्डरर', आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडातून थेट स्कॉटलंड गाठलं. बरोबर गाडीवान, कुत्रा, काकाकुवा आणि एक नोकर. या नोकराचं काम मोठं गमतीचं. त्याने तीनचाकी सायकलवरून पुढे जायचं आणि समोरून येणाऱ्यांना सांगायचं, "बाजूला व्हा, साहेबांचं घर येतंय!"

"म्हणजे ज्यांना घर नाही म्हणून जे गाडीत राहतात," ही म्हणाली, "त्यांचं बघून ज्याला घर आहे त्याने गाडी केली."

आमच्या हिला इतिहास आवडत नाही, पण तिचं एखादं वाक्य असं येतं की मला पुढचे दहा किलोमीटर गप्प बसावं लागतं.

राहुरी गेली. मुळा नदी गेली. कोल्हारला प्रवरा ओलांडून आम्ही घोटीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मला पुन्हा कंठ फुटला. कारण चाकांवरचं, पाठीवरचं, उंटावरचं घर हा विषय स्टेबल्सचा नव्हेच, तो आमच्या नगरचा. जगातलं सगळ्यांत मोठं फिरतं बिऱ्हाड शेवटचा मुक्काम टाकायला आमच्या भिंगारला आलं होतं.

मोगल बादशहाच्या तळाचा हिशेब अबुल फजलने आईन-इ-अकबरीत देऊन ठेवलाय. अकबराचा एक तळ हलवायचा तर १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. तंबू ठोकायला १००० फर्राश, झाडायला १५० झाडूवाले. तंबूंचे संच दोन असत. बादशहा एका संचात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. त्याला पेशखाना म्हणत. म्हणजे स्टेबल्ससाहेबाच्या तीनचाकीवरच्या नोकराचाच हा थोरला भाऊ, फक्त हत्तीवरून गेलेला.

"दीडशे झाडूवाले?" एवढं एकच हिने उचललं, आणि भाच्याकडे पाहून म्हणाली, "आणि तू एक केरसुणीसुद्धा ठेवली नाहीस गाडीत."

औरंगजेब १६८१ साली दक्षिणेकडे निघाला तो असला संसार घेऊन. राजधानीच चालती झाली म्हणा ना. गेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी १६९५ साली कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत आला होता. छावणीचा घेर तीस मैलांचा आणि आत २५० बाजार, असं त्याने लिहून ठेवलंय. तीस मैल! आमच्या नगरच्या माळीवाड्यातून निघालेला माणूस तेवढ्यात राहुरी मागे टाकतो. असल्या शहराला खायला घालायचं कुणी? बंजाऱ्यांनी. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य लादून त्यांचे तांडे छावणीमागे हिंडत. त्यांचीही घरं पाठीवरच, फक्त त्यांना २५० बाजार नव्हते.

आणि विरुद्ध बाजूला कोण? घोडा, भाला, आणि फडक्यात बांधलेली भाकरी. बखरकार सांगतात की संताजी घोरपड्यांच्या माणसांनी तुळापूरच्या तळावर रात्री शिरून बादशाही तंबूचे सोन्याचे कळसच कापून नेले. घर मोठं झालं की चोरण्यासारखंही पुष्कळ होतं. १७०२ सालच्या पावसाळ्यात विशाळगड घेऊन हे बिऱ्हाड पन्हाळ्याकडे परत निघालं, तेव्हा तीस मैल जायला त्याला महिन्याच्या वर लागलं. नद्या फुगलेल्या, उंट चिखलात, तंबू भिजून दुप्पट जड. सह्याद्रीत घर घेऊन येऊ नये हे त्या घाटाने बादशहाला सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही.

आमच्या भाच्यानेही ऐकलं नाही.

संगमनेर, अकोले, राजूर इथपर्यंत रस्ता कसा शहाण्यासारखा होता. राजूर सोडलं की डोंगर अंगावर येऊ लागतात. दिवाळी होऊन गेलेली, भात कापून खाचरांत आडवं पडलेलं, गवत पिवळं व्हायच्या बेतात आणि डोंगरांना अजून हिरवी ऊब. उत्तरेला कळसूबाई. १६४६ मीटर, साऱ्या महाराष्ट्राचं माथं. ते आमच्या जिल्ह्यात आहे याचा नगरकराला फार अभिमान. मात्र चढलेला नगरकर दाखवा म्हणाल तर आम्ही विषय बदलतो. शेंडीला पोचलो, धरण पाहिलं, चहा झाला (भाच्याने केला, साखर विसरला), आणि इथे थांबायचं सोडून त्याने तलावाला वळसा घालून रतनवाडीला मुक्काम करायचा घाट घातला. 'घाट घातला' हा शब्दप्रयोग ज्याने पहिल्यांदा केला त्याला आमच्यासारखाच भाचा असणार.

मुरशेत गेलं आणि रस्ता आकसत गेला. गाडी मात्र होती तेवढीच राहिली. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खाली चमकणारं पाणी, आणि वरून झाडांच्या फांद्या छपरावर करकरत होत्या. आत कपाटाची दारं उघडून एकेक पातेलं बाहेर येऊ लागलं. ही पलंगावर बसून पातेली झेलत होती आणि दर झेलीला माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात वळणावर समोरून एसटी आली.

नगरच्या माणसाने एसटीसमोर नमतंच घ्यावं. या राज्यातली पहिली एसटी धावली तीच पुणे-नगर रस्त्यावर, १ जून १९४८ रोजी. त्या नात्याने ती आमची थोरली आत्या लागते. तिच्या कंडक्टरने खाली उतरून आमच्या गाडीला पुढून मागून एक प्रदक्षिणा घातली, पडदे बघितले, आणि भाच्याला अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "साहेब, घर जरा मागं घ्या."

घर मागं घेणं सोपं नसतं. भाचा घामाघूम झाला. शेवटी एसटीचा ड्रायव्हरच उतरून आला, भाच्याला बाजूला बसवलं, आणि त्या आडदांड गाडीला लहान मुलाचं बोट धरून न्यावं तसं शंभर पावलं मागे नेऊन एका खाचरात उभं केलं. जाताना आत डोकावून म्हणाला, "मावशी, पातेली खाली ठेवा आता." एसटीतल्या लोकांनी खिडक्यांतून हात केले. रोज त्याच रस्त्याने ये-जा करणारी माणसं ती. त्या दिवशी करमणूक फुकट झाली.

रतनवाडीला पोचलो तेव्हा अमृतेश्वराच्या देवळावर शेवटचं ऊन होतं. इतकं कोरीव काम इतक्या लांब येऊन कुणी का केलं असेल, हा प्रश्न त्या देवळापाशी पडतोच. मागे रतनगड. त्याच्या कुशीत प्रवरा उगम पावते. याच डोंगरांत राघोजी भांगरे हिंडला. देवगावचा महादेव कोळी. सावकार आणि इंग्रज सरकार या दोघांशी एकाच वेळी वैर धरणारा माणूस. डोंगर हेच त्याचं घर, आणि ते इतकं मोठं की पलटणींना सापडेना. सापडला तो डोंगर सोडल्यावर, पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. बादशहाचं सव्वीस वर्षांचं बिऱ्हाड आणि राघोजीची घोंगडी यांतलं जास्त सुरक्षित घर कोणतं, यावर मी शाळेत निबंध लिहायला सांगायला हवा होता. सुचलं उशिरा.

रात्रीचं वर्णन थोडक्यात करतो, कारण झोपच थोडी झाली. जमीन उतरती होती. पलंग घराला जोडलेला आणि घर जमिनीला, त्यामुळे मी रात्रभर हिच्यावर घरंगळत होतो आणि ही भिंतीवर. बारा वाजता दोघंही बाहेर येऊन जवळच्या घराच्या ओसरीला बसलो. तलावावर काळोख, वर चांदण्यांचा नुसता खच. म्हाताऱ्या घरधन्याने काही न विचारता घोंगडी आणून टाकली, आणि एवढंच म्हणाला, "त्या डब्यात गुदमारत आसंल."

समोर पाण्याकडे बोट दाखवून तो सांगत होता, पाण्याखाली वाड्या आहेत. त्याच्या आजाच्या वेळच्या. हे धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. उद्घाटनाला मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन आले, आणि धरणाला त्यांचंच नाव बसलं. दोनशे सत्तर फूट उंच, चुन्यात बांधलेली दगडी भिंत. १९६९ साली तिला तडे गेले, तेव्हा मागून टेकू बांधून तिला उभं ठेवलं. (माझ्या डॉक्टरांनी माझ्या कमरेला पट्टा दिला, त्याच तत्त्वावर.) आता हे सगळं कुणासाठी? इथे पाऊस मुबलक. पलीकडच्या घाटघरला तर लोक नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. पाणी अडवलं ते खालच्यांसाठी. प्रवरेतून ते ओझरच्या बंधाऱ्याला जातं, तिथून कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या रानांत. दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. उसामागून साखर कारखाने आले. सहकारी कारखान्यांचा आद्यपुरुष म्हणावा तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरानगरचा कारखाना, १९५० च्या सुमाराचा, याच पाण्यावरचा. रतनवाडीच्या म्हाताऱ्याचं पाणी लोणीला साखर होऊन चहात पडलं, म्हणा.

हे मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "आस्सं? आमी गुळाचा पितो."

दुसऱ्या दिवशी परतलो. भाच्याला पुण्याची घाई होती, म्हणून पहाटेच निघालो. लोणीच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो, कारण भाच्याने शेगडीचा सिलिंडर रात्री उघडाच ठेवून संपवला होता. तिथे आमच्या शेजारी एक घर येऊन उभं राहिलं.

पुढे ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या. त्यांत बांबू, पत्रे, ताडपत्री, पेट्या, पाण्याचे ड्रम, डालग्याखाली कोंबड्या, दोरीला एक शेळी, आणि या सगळ्याच्या वर, गोधडीत गुंडाळलेली, झोपलेली पोरं. ऊसतोडीची टोळी. जिल्हा आमचाच, पण पार पूर्वेचा. आमचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, त्यामुळे पश्चिमेला ढग फुटतो तेव्हा पूर्वेला टँकर चालू असतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची आणि शेजारच्या बीडची माणसं दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतात आणि घर ट्रॉलीत भरून भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला येतात. कारखान्याजवळच्या माळावर बांबू आणि पाचटाच्या कोप्या घालतात, आणि सहा महिने तिथे राहतात. नवराबायकोची जोडी मिळून हिशेबात एक 'कोयता' धरतात. दोन माणसांचं एक हत्यार! व्याकरणात याला काय म्हणतात मला माहीत नाही, मी इतिहासाचा. मुकादम मोटारसायकलवरून पुढे गेला होता, तळ बघायला. पेशखाना, मी मनात म्हटलं. पण मोठ्याने म्हणालो नाही.

ट्रॉलीतून एक बाई उतरली, तीस-बत्तिशीची असेल. आमच्या गाडीभोवती फिरली आणि हिला म्हणाली, "मावशे, आत बघू का?"

ही तिला घेऊन आत गेली. मी दारात उभा. तिने गादी दाबून पाहिली. पडदा सारून पाहिला. फळकुट उचलून शेगडी दाखवली तेव्हा हसली. नहाणीघराचं दार उघडून मात्र ती बराच वेळ बघत राहिली, आणि मग आतून कडी लागते का ते दोनदा लावून पाहिलं. मोरीचा नळ सोडला. पाणी आलं.

"कुटनं येतंय?"

"छपरावर टाकी आहे."

तिने लगेच नळ बंद केला. मग थांबून बाहेरच्या पोरीला हाक मारली, आणि तिची बाटली भरून घेतली.

"किती म्हैनं ऱ्हाता हिच्यात?" तिने विचारलं.

"दोन दिवस," ही म्हणाली.

"दोन दिसासाठी?" बाईने गाडीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मंग घर कशाला आणलं?"

हिला उत्तर सुचलं नाही. मला स्टेबल्सपासून औरंगजेबापर्यंत सगळे ठाऊक होते, मलाही सुचलं नाही. भाचा खाली वाकून टायर तपासू लागला.

ट्रॅक्टरने हॉर्न दिला. हिने कपाटातला चहाचा अख्खा पुडा आणि साखरेचा डबा तिच्या हातात दिला. बाईने एक क्षण विचार केला, ट्रॉलीकडे गेली, आणि परत येताना फडक्यात बांधलेल्या दोन बाजरीच्या भाकरी आणि ठेचा हिच्या पदरात टाकला. देवाणघेवाण बरोबरीत सुटली. ट्रॉल्या कालव्याच्या कडेने वळल्या. वरच्या गोधडीतली एक पोरगी जागी होऊन आमच्या घराकडे बघत होती.

राहुरीपर्यंत कुणी बोललं नाही. मग ही म्हणाली, "तिने नळ सोडला ना, तिथून मी घरून आणलेलं पाणी ओतत होते भांड्यांवर. दोन हंडे." आणि पुन्हा गप्प बसली. औरंगजेबाचा शेवट सांगायचा राहिला होता. १७०६ च्या जानेवारीत तो पालखीतून नगरला आला. नव्वदीला टेकलेला, दिल्ली पंचवीस वर्षांत दिसलेली नाही. ३ मार्च १७०७ रोजी भिंगारच्या तळावर वारला. एवढं बिऱ्हाड बरोबर घेऊन निघालेला माणूस घरी काही पोचला नाही. पण हे मी हिला पूर्वी इतक्यांदा सांगितलंय की त्या दिवशी राहू दिलं.

नगरला दारात उतरलो. भाच्याला पुण्याला गाडी वेळेत परत करायची होती, तो लगेच निघाला. पांढरं घर गल्लीच्या तोंडाशी वळलं, गल्लीत पुन्हा उजेड झाला, आणि ही म्हणाली,

"अहो, किल्ली?"

किल्ली गाडीत होती. पलंगाखालच्या खणात, मीच जपून ठेवलेली. भाच्याचा फोन लागेना. तो गाडी चालवताना घेत नाही, ही त्याची एकमेव चांगली सवय. फोन लागला तेव्हा तो शिरूरला पोचला होता. तो परत येईपर्यंत आम्ही दोघं आमच्याच कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर बसलो. शेजारी कामावर गेलेले. ऊन वर आलं होतं. हिने फडकं सोडलं, एक भाकरी माझ्या हातावर ठेवली, एक स्वतः घेतली. ठेचा जहाल होता.

"पाणी?" मी विचारलं.

"आत आहे," ही म्हणाली.